गॅस पेटवला आणि लेथ ओला झाला

जाड लोखंड गंजलं होतं आणि पातळ लोखंड कोरं होतं. त्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा हेच डोळ्यांत भरलं.

दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर एका घराची मागची पडवी. दहा बाय चौदा फूट, चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा. जुनी कौलं जून २०२० च्या निसर्ग वादळात गेली. घरमालक काका निवृत्तीनंतर इथे लाकडी खेळणी आणि पोळपाट-लाटणी करतात. लाकूड फिरवत घडवायचा लेथ, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) टेबलाची कटिंग सॉ, ग्राइंडर आणि भिंतीवर ओळीने पटाश्या, रंधे, कानशी. जुलैतल्या एका संध्याकाळी मला बोलावलं ते लेथचा टेलस्टॉक, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक धरणारा भाग, बेडवर, म्हणजे लेथच्या लांब बिडाच्या रुळांवर, सरकेना म्हणून. किनारपट्टीवर मशीन दुरुस्ती करणाऱ्याचं पावसाळ्यात निम्मं काम गंजाचंच असतं. खारी हवा, बंद पडवी, तेल न लावलेला बेड, हे ठरलेलं.

इथे मात्र गंजाचा नकाशाच वेगळा होता. लेथच्या बेडवर, हेडस्टॉकच्या (लाकूड फिरवणाऱ्या डोक्याच्या) ओतकामावर आणि सॉच्या टेबलावर नारिंगी थर. भिंतीवर टांगलेली करवतीची पाती, पातळ पट्ट्या, ड्रिलचे बिट यांवर डागही नाही. खाऱ्या हवेने गंज आला असता तर आधी पातळ पातं गेलं असतं. जड वस्तू तेवढ्याच गंजतात तेव्हा पाणी हवेतून त्यांच्यावर येऊन बसलेलं असतं, कारण जड लोखंड गरम व्हायला वेळ घेतं आणि तोवर ते खोलीपेक्षा थंड राहतं.

कोपऱ्यात एक बर्नरची गॅस शेगडी पेटलेली होती. तिच्यावर उलटा लोखंडी तवा, उष्णता पसरावी म्हणून. बाजूला पाच किलोची टाकी. खिडक्यांवर प्लास्टिक ठोकलेलं, दाराखाली गोणपाट. "गरम ठेवा, गंज धरणार नाही," असं तालुक्याच्या एका दुकानदाराने काकांना सांगितलं होतं. अर्धं खरं सांगणाऱ्या अशा सल्ल्यांनी जितकी हत्यारं जातात तितकी निष्काळजीपणाने जात नसतील. मी बेडवर हात ठेवला. हात ओला झाला. शेगडी पेटलेली, खोलीत घाम फुटतोय आणि बीड गार, ओलं.

"पण मीटर तर कमी दाखवतोय," काका म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भिंतीवरचा आर्द्रतामापक शेगडी लावण्याआधी २७ अंशांना ९० टक्के दाखवायचा, तो आता ३४ अंशांना ८० वर आला होता. पाहणाऱ्याला वाटणारच की हवा सुकली. पण टक्केवारी तापमानावर अवलंबून असते. ३४ अंशांना ८० टक्के म्हणजे एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम वाफ, आणि २७ अंशांना ९० टक्के म्हणजे सुमारे २३ ग्रॅम. हवेतलं पाणी वाढलं होतं. त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, ३० अंशांच्या आसपास गेला होता आणि बेड अजून २७ वर होता. पाणी सुटणारच.

हे पाणी गॅसमधूनच येतं. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफ होऊन खोलीत येतं. काकांची टाकी आठ दिवस पुरायची, म्हणजे रोजचे सहाशे ग्रॅम गॅस, म्हणजे साधारण ९५० ग्रॅम पाणी. त्या ३५ घनमीटरच्या पडवीत आधीपासून होती ती सगळी वाफ मिळून ८०० ग्रॅम. बरंचसं फटींतून बाहेर जात असेल, पण राहिलेलं बेडवर, टेबलावर आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला जमत होतं. वर पाऊस, पत्रा गार, मग थेंब खाली. लेथवर निळी ताडपत्री घातलेली, तिने आतली वाफ कोंडून ठेवली.

मी शेगडी बंद केली, दार उघडलं, तवा उचलला. खालून काजळीने काळा झाला होता. ज्योत थंड पृष्ठभागावर आपटली की नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत प्राणवायू कमी होत गेला की तो आणखी वाढतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळल्यावर येणारा वास वेगळा, तो मुद्दाम घातलेला असतो, आणि जळाल्यावर तोही राहत नाही.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. "यांचं डोकं रोज संध्याकाळी धरतं हो. खळ्यात येऊन बसले की उतरतं," त्या सहज बोलून गेल्या. काका आठवडाभर गंजाबद्दल फोनवर बोलत होते, डोक्याबद्दल एक शब्द नाही. खोलीत दुखतं आणि बाहेर आल्यावर उतरतं, ही या वायूची खूणच. मळमळ, गरगरणं हे पुढचं. काकांनी खिशातून ऑक्सिमीटर काढून बोटाला लावला. ९८. "बघ, ऑक्सिजन ठीक आहे."

त्या यंत्रावर माझा राग आहे. कोविडनंतर घरोघरी ते आलं आणि लोक त्याला वैद्य मानायला लागले. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्त आणि प्राणवायू धरलेलं रक्त यांत फरक करू शकत नाही. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, आणि आकडा मात्र ९८च दिसतो. खरं काय ते रक्ताच्या तपासणीतच कळतं. लेथ तसाच सोडून काकांना आधी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी शेगडी बंद म्हणजे बंद असं बजावलं. लेथचं काम दुसऱ्या दिवशी.

आता पडवीचं. कोकणात जुलैत खोली तापवायची गरजच नसते. ३४ अंशांत रंधा मारणार कोण? तापवायचं ते लोखंड, आणि तेही हवेपेक्षा चार-पाच अंशांनी. २७ अंशांची ९० टक्के दमट हवा ३२ अंशांच्या लोखंडाला टेकली की तिथली आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास येते. साधारण ६०च्या खाली स्वच्छ पोलादाचा गंज जवळजवळ थांबतो, आणि ६७ त्याच्या वरच आहे, म्हणून लोखंडावर मेणाचा थर हवाच.

लेथखाली स्टँडमध्ये मी ६० वॅटचा स्पेस हीटर बसवला. पंपाच्या पॅनेलमध्ये ओल धरू नये म्हणून बसवतात तोच, इलेक्ट्रिकलच्या मोठ्या दुकानात मिळतो. ना ज्योत, ना लाल होणारी कॉइल. भोवती जाळीचा पिंजरा, चारी बाजूंनी सहा इंच मोकळं, खाली भुसा साचू नये म्हणून पत्र्याचा ट्रे. ताडपत्री काढून सुती चादर, हीटरला न टेकणारी. हत्यारांच्या कपाटात तळाला तसाच दुसरा, आणि खाली-वर हवेसाठी भोकं. दोन्ही चोवीस तास चालले तरी दिवसाला तीन युनिट. थिनर, टचवुड (लाकडाचं पॉलिश) आणि जवसाच्या तेलाची फडकी पडवीबाहेर. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेटू शकतात, ती दोरीवर पसरून वाळवायची.

वायरिंगबद्दल बोलायलाच हवं. काकांकडे आधी दोन हजार वॅटचा ब्लोअरही होता, सहा अँपिअरच्या सॉकेटवर, अर्थची पिन कापलेली. दोन हजार वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. शिवाय पंखा भुसा ओढून तापलेल्या तारेवर टाकतो. अर्थची पिन कापून देणाऱ्या वायरमनला परवाना ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पडवीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला.

गंज काढताना घाई नको. हिरवी घासणी आणि डिझेल, बेडच्या लांबीच्या दिशेने. पण त्याआधी गोड्या गरम पाण्याचं फडकं, चमचाभर धुण्याचा सोडा टाकून. आमच्यातले बरेच फिटर थेट ग्रीस फासतात आणि मीठ खाली कोंडून ठेवतात. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढतं. ते राहिलं तर वरची सगळी मेहनत फुकट. धुतलं की लगेच पुसून, हेअर ड्रायरने गरम करून, लोखंड कोमट असतानाच तेल. पटाश्या आणि रंध्याच्या पात्यांना शिलाई मशीनचं तेल, टेबलाला आणि बेडला पेस्ट मेण. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं. लाकडाचा भुसा रात्रभर टेबलावर ठेवायचा नाही, तो ओल धरून ठेवतो, आणि खैर-ऐनासारखी तुरट लाकडं लोखंडाला काळं-निळं करतात.

मापकावर आंधळा विश्वास नको. झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओलं करायचं आणि मापकासकट झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी ७५ दाखवला पाहिजे. काकांचा ७१ दाखवत होता, म्हणजे त्यात चार मिळवायचे. त्या संध्याकाळचे ८० सुद्धा खरे ८४च्या आसपास असणार. बेडचं तापमान इन्फ्रारेड गनने घेताना चकचकीत धातू फसवतो, म्हणून काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरायचा. आठवड्याने मोजलं तेव्हा बेड हवेपेक्षा साडेचार अंश गरम होता.

टेलस्टॉक आता एका बोटाने सरकतो, पण त्या टोकाला वीतभर जागेत अजून बारीक ठिपके येतात. ते टोक चिऱ्याच्या भिंतीपासून फूटभरावर आहे आणि भिंत बाहेरून गिलाव्याविना, पागोळ्यांचं पाणी थेट पायाशी. हीटर त्या बाजूला सरकवून पाहिला, फारसा फरक नाही. ऑक्टोबरात भिंत सुकली की बाहेरून गिलावा करायचा आणि पागोळ्यांना पन्हळ लावायचा, असं काकांशी ठरलं आहे. तोवर तेवढ्या पट्टीला दर चार दिवसांनी मेण.