एल्बर्टच्या वाटेवर, पहार घेऊन

उन्हाळ्यात लेकीकडे डेन्व्हरला येणाऱ्या आईबापांचा कार्यक्रम ठरलेला असतो. रेड रॉक्स, रॉकी माउंटन नॅशनल पार्क आणि दर शनिवारी कॉस्टको. यंदा मी त्यात माउंट एल्बर्टच्या वाटेवरचं श्रमदान घुसवलं. लेकीने आधी अर्जातला वयाचा रकाना पाहिला, मग माझ्याकडे. जावईबापू म्हणाले, ‘बाबा, आराम करायला आलायत ना?’ पण सगळी नोकरी मृदसंधारणात, बांध आणि चर मोजण्यात गेलेल्या माणसाला डोंगरउतारावर चाललेलं काम दिसलं की राहवत नाही.

एल्बर्ट हे रॉकी पर्वतातलं सर्वोच्च शिखर, १४,४४० फूट. जवळचं लेडव्हिल हे चांदीच्या खाणींवर वाढलेलं गावच १०,१५० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. उंचीची सवय व्हावी म्हणून आधी तिथे मुक्काम केला. हॉटेलचा जिना चढतानाच धाप लागत होती.

कोलोरॅडोत अशी १४ हजार फुटांपलीकडची पन्नासहून जास्त शिखरं आहेत. त्यांच्या बहुतेक वाटा कुणी आखलेल्या नव्हत्या. माणसं नाकासमोर चढत गेली आणि वाट पडली. उताराला सरळ भिडणाऱ्या अशा वाटेत पाणी शिरलं की ते बाहेर पडत नाही. माती वाहून जाते, घळ पडते. घळीतून चालायला नको म्हणून लोक शेजारच्या गवतावरून जातात आणि तिथे दुसरी घळ तयार होते. खाली जंगलात हे निदान भरून तरी येतं. इथे साडेअकरा-बारा हजार फुटांवर झाडं संपतात आणि वर टुंड्रा सुरू होतो. तिथे मॉस कॅम्पियन नावाची गुलाबी फुलांची, जमिनीला चिकटून वाढणारी झुडपं आहेत. त्यांना हातभर पसरायलाही अनेक वर्षं लागतात, आणि एका बुटाने ती चिरडली जातात. २०२०च्या हंगामात या शिखरांवर मिळून सुमारे ४ लाख १५ हजार फेऱ्या झाल्याचा अंदाज आहे. हा अंदाज काढणारी ‘कोलोरॅडो फोर्टीनर्स इनिशिएटिव्ह’ ही संस्था १९९४पासून वनखात्याबरोबर या वाटा नव्याने बांधते आहे.

पहाटे हाफमून रस्त्यावरून निघालो. सुरुवातीची वाट पाइनच्या जंगलातून जाते. हा तुकडा डेन्व्हर ते डुरँगो जाणाऱ्या सुमारे ७८० किलोमीटरच्या कोलोरॅडो ट्रेलचाच आहे. तीही वाट स्वयंसेवकांनीच पुरी केली. सत्तरच्या दशकात सुरू होऊन रखडलेलं ते काम गुडी गॅस्किल या बाईंनी हाती घेतलं, उन्हाळ्यामागून उन्हाळे माणसांच्या तुकड्या जमवल्या आणि १९८७मध्ये वाट जोडून दाखवली.

झाडं संपली तिथे तरुणांची तुकडी भेटली. अठरा ते पंचवीस वयाची मुलंमुली, डोक्यावर हेल्मेट, हात धुळीने पांढरे. आठवडाभर वरच तंबूत राहायचं, पाळीपाळीने स्वयंपाक करायचा, अस्वलांपासून खाणं पेटीत बंद करून ठेवायचं. थोडं मानधन मिळतं आणि हंगाम संपला की शिक्षणासाठी रक्कम. या तुकड्यांचं मूळ १९३३ सालचं. महामंदीत रूझवेल्टनी बेकार तरुणांना जंगलात कामाला लावलं होतं. महिना ३० डॉलर, त्यातले साधारण २५ थेट घरी. डेन्व्हरजवळचं रेड रॉक्सचं खुलं नाट्यगृह त्याच पोरांनी बांधलं. बहात्तरच्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामं मी लहानपणी पाहिली आहेत, त्यामुळे या व्यवस्थेचं मला फार नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते कामाच्या नीटसपणाचं.

तुकडीची प्रमुख विशीतली पोरगी. तिने माझ्या हातात पहार दिली आणि दगडाकडे बोट केलं. फ्रीजएवढा. पायरीचा दगड असाच लागतो, कारण त्याचा बराचसा भाग जमिनीत गाडायचा असतो. लहान दगड पहिल्याच हिवाळ्यात बर्फ उचलून फेकतो. चौघांनी पहारी लावून तो इंच-इंच सरकवला. सुटला तर खालच्यांना कळावं म्हणून कायम ‘रॉक!’ अशी हाळी द्यायची तयारी. खड्डा खणला, बसवला, ती त्यावर चढून नाचली. डगमगला. काढा. पुन्हा खणलं. सांध्यात चिपा ठोकल्या, मागे फोडलेली खडी भरली. मग वरची पायरी खालच्या पायरीवर थोडी चढवून बसवायची, म्हणजे एक दुसरीला धरून ठेवते. सगळी सकाळ एका पायरीत गेली. सिमेंटचा कणही नाही. आमच्या कोकणातले गडगे असेच उभे असतात.

पायऱ्यांइतकंच महत्त्वाचं पाणी. नवी वाट उताराला तिरपी घेतलेली, बाहेरच्या कडेला किंचित कललेली, आणि ठरावीक अंतरावर दगडी आडबंध, पाणी बाजूला काढायला. माझ्या खात्यातल्या नव्या पोरांना इथे आणून उभं करावंसं वाटलं. आपल्याकडे गडांवर सिमेंटच्या पायऱ्या ओतून, लोखंडी कठडे ठोकून मोकळे होतात. पाणी कुठून जाणार हे कुणी विचारत नाही. दोन पावसाळ्यांत पायरीखालची माती निघते आणि पायरी अधांतरी राहते.

जुनी वाट बुजवणं हे तिसरं काम, आणि खरं सांगायचं तर आम्हा एकदिवशी स्वयंसेवकांना झेपणारं. नव्या वाटेत येणारी हिरवळ मातीच्या ढेकळासकट कापून काढायची, घमेल्यातून न्यायची आणि जुन्या घळीत लावायची. मधे दगड पसरायचे, म्हणजे कुणाला तिथून चालावंसं वाटत नाही. तेवढ्यात एका मार्मोटने, म्हणजे डोंगरातल्या मोठ्या खारीसारख्या प्राण्याने, माझ्या सॅकचा पट्टा कुरतडला. त्यांना घामातलं मीठ आवडतं म्हणे.

दुपारच्या आत मॅसिव्ह शिखराच्या बाजूने ढग चढले. जुलैत इथे रोजच वीज कोसळण्याची भीती. प्रमुखबाईंनी हत्यारं एका बाजूला रचायला लावली आणि सगळ्यांना झाडीत उतरवलं. शिखर अडीचेक हजार फूट वर राहिलं. वर जायचं का, असं कुणी विचारलंही नाही.

कुणी उन्हाळ्यात मुलांकडे येणार असाल तर नाव आधीच नोंदवा, जागा भरतात. हत्यारं आणि हेल्मेट ते देतात. चामडी हातमोजे आपले न्या, त्यांच्याकडचे मला बोटभर मोठे होते. आणि डबा जरा जास्तच बांधा. लेकीने केलेल्या दशम्या त्या तुकडीने पाच मिनिटांत संपवल्या.