गिझर नाही हो, बुडबुडे!

"म्हणजे वीज लावून पाणी उकळवता. मग गिझर काय वेगळं करतो?" लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना हा प्रश्न मला आलाय. माझं काम म्हणजे उकळत्या द्रवाला विजेचा जोर लावून त्यातले बुडबुडे हलवायचे, आणि ते ऐकलं की लोक हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, आणि यावेळी तोंड मोकळं आहे.

गिझरमध्ये वीज कॉइलमधून वाहते, कॉइल तापते. आमच्या भांड्यातही तापवायला एक तार असते, पण मी वरून जी वीज लावतो ती तापवतच नाही. तारेपासून काही मिलिमीटरवर जाळी, जाळीवर 10 हजार व्होल्ट. मधला द्रव वीज वाहू देत नाही, त्यामुळे प्रवाह जेमतेम 10 मायक्रोअँपिअर. गुणाकार करा: 0.1 वॅट. एवढ्यात देवघरातला झिरोचा बल्बही लागणार नाही. पण बुडबुडे ढकलायला ते पुरतं.

बुडबुडे कशाला ढकलायचे? घावन घालण्याआधी आई तव्यावर पाणी शिंपडायची. तवा बेताचा तापलेला असला की थेंब चर्रकन आटायचा. जास्त तापला की तोच थेंब आटायचं सोडून गोळीसारखा तव्यावर पळत सुटायचा, कारण त्याच्या खाली वाफेची गादी तयार व्हायची. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1756 मध्ये हे लिहून ठेवलंय. आईनं अर्थातच त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं.

उकळत्या पाण्यातल्या तारेचंही तसंच होतं. कॉलेजात डिस्टिल्ड वॉटरमध्ये नायक्रोमची (हीटरच्या कॉइलला वापरतात त्या मिश्रधातूची) तार लावून मी डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायचं यंत्र, फिरवत होतो. आधी बुडबुड्यांच्या माळा सुटल्या, मग भांडं खळखळायला लागलं, आणि एकदम आवाज बसला. बुडबुडे एकमेकांत मिसळून तारेभोवती वाफेचा पडदा झाला होता, पाणी तारेला शिवेना. तार लाल झाली आणि टचकन तुटली. सर म्हणाले, "रडू नकोस, नुकियामांचीही वितळली होती." जपानमधल्या सेंडाईच्या शिरो नुकियामांनी 1934 मध्ये उकळण्याचा जो आलेख काढला, तो आम्ही आजही गिरवतो. नायक्रोम वितळल्यावर त्यांनी प्लॅटिनमची तार घेतली. आम्हाला तेवढं बजेट नव्हतं.

साध्या दाबाला पाण्यात हा पडदा धरण्याची हद्द येते ती साधारण दर चौरस सेंटीमीटरला 100 वॅटवर. नखाएवढ्या जागेत जुना शंभरचा बल्ब कल्पून बघा.

जाळीवरच्या व्होल्टमुळे जाळी आणि तारेमध्ये तयार होणारं विजेचं क्षेत्र नेमकं इथे कामाला येतं. द्रवाला ते वाफेपेक्षा जास्त ओढतं. म्हणून जिथे क्षेत्र जोरदार तिथे द्रव घुसतो आणि बुडबुडा कमी जोराच्या बाजूला ढकलला जातो. ढकलला जाताना तो रताळ्यासारखा लांबुळका होतो. पडदा धरू लागलाच तर जागोजागी फाटतो आणि द्रव पुन्हा तारेला भिडतो. इलेक्ट्रोडची, म्हणजे जाळी आणि तारेची, रचना मात्र जमली पाहिजे. उलटी झाली तर बुडबुडे तारेलाच चिकटवून घ्याल. माझे पहिले सहा महिने त्यातच गेले.

नळाच्या पाण्यात हे करू नका. ते वीज वाहू देतं. आम्ही वीज न वाहू देणारे एफसी-72सारखे द्रव वापरतो; एफसी-72 तर 56 अंशांनाच उकळतो.

"मग फायदा काय?" हा पुढचा प्रश्न. खरं सांगू? जमिनीवर मला फार मोठा दिसत नाही. इथे बुडबुडा वर न्यायला गुरुत्वाकर्षण फुकट राबतंय. त्यासाठी कारखान्यात हजारो व्होल्ट कोण सांभाळणार? अंतराळात मात्र वर असं काही नसतंच. बुडबुडा तापलेल्या पृष्ठभागावर बसून राहतो आणि फुगत जातो. म्हणून पिसा विद्यापीठातली मंडळी वर्षानुवर्षं या विषयामागे आहेत. गॅलिलिओच्या गावात गुरुत्वाकर्षणाला बदली शोधतायत, याची मला गंमत वाटते. 2019 मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेचा 'रूबी' हा प्रयोग आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेला. लेझरनं एकच बुडबुडा उठवायचा, विजेचं क्षेत्र लावायचं आणि तो कसा सुटतो ते कॅमेऱ्यानं टिपायचं.

हे सांगितलं की पंगतीतले काका थोडं थांबतात, आणि विचारतात, "पण मग तिथे चहा कसा करतात?"