बाजाराच्या आदल्या रात्री

बुधवार, रात्री नऊ.

उद्या बाजार. मजुरांचा चुकारा उद्याच, किराणाही उद्याच. आमच्याकडे आठवडा सोमवारी सुरू होत नाही, बाजाराला सुरू होतो. म्हणून पुढच्या आठवड्याची कामं मी बुधवारी रात्री लिहायला बसते. उद्या हातात किती येणार आणि किती जाणार हे आज कळतं, त्यामुळे कामाचा आणि पैशाचा मेळ बसतो.

वही साधी आहे. डाव्या पानावर ठरवलेलं, उजव्यावर झालेलं. मागच्या बुधवारी डावीकडे लिहिलं होतं: बोंडं फोडून पाहणे, सापळ्यातले पतंग रोज सकाळी मोजणे, बचतीचे पैसे बाजाराआधी वेगळे काढणे, लेकीच्या एसटी पासचे कागद.

‘यंदा कापूस भरपूर पिकवायचा’ असं मी कधीच लिहीत नाही. वावर कोरडवाहू, पाऊस माझ्या हातात नाही, भाव तर नाहीच. वावरात जाऊन पाहणं मात्र पूर्ण माझ्या हातात आहे. जे माझ्या पायांनी आणि हातांनी होईल तेच डाव्या पानावर येतं. बाकीचं देवाजवळ बोलते, वहीत नाही.

रविवारी बोंडं फोडली. गुलाबी बोंडअळी वरून दिसत नाही. अंड्यातून निघालेली अळी बोंडात शिरते, भोक बुजून जातं, बोंड बाहेरून ठणठणीत. मग वरून कितीही फवारा मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून वावरभर फिरून 20 झाडांचं एकेक हिरवं बोंड तोडायचं आणि फोडायचं. दोनांत अळी निघाली म्हणजे 10 टक्के, तेव्हा फवारणी. मादीच्या वासानं याच अळीचे नर पतंग ओढून घेणाऱ्या कामगंध सापळ्याचंही तसंच: एका सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग आले की वेळ आली समजायचं. धुऱ्यावर बसून एकेक बोंड अंगठ्यानं दाबून उकललं. आतला कापूस अजून ओला, पांढराशुभ्र, कळ्यांसारखा घट्ट. एकातच सापडली, कोवळ्या सरकीला लागून, तपकिरी डोक्याची. 20 मध्ये 1.

म्हणून फवारलं नाही. शेजारच्या वावरात पंप चालू असताना आपण गप्प बसणं फार अवघड असतं. पण 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते दिवस मी विसरलेली नाही. नुसत्या भीतीनं विष मारायचं नसेल तर दर आठवड्याला डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे. माझ्यासाठी या वहीचं खरं मोल इथे आहे.

आता हिशेब देण्याचं. हे मी बचत गटात शिकले. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब ही गटाची पंचसूत्री आता तोंडपाठ आहे, पण तिची ताकद बैठकीत कळते. सतरंजीवर सगळ्या बसतात, नाव पुकारलं जातं आणि आपलं आपल्याच तोंडानं सांगावं लागतं. कोणी रागवत नाही. तरी त्या दिवसाआधी पैसे निघतातच. घरच्या कामाला असं विचारणारं कोण? म्हणून मी जाऊबाईंना विनंती केली. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे मीच दोन्ही पानं मोठ्यानं वाचते. मोठ्यानं वाचताना गोलमाल शब्द टिकत नाहीत. ‘पासचं पाहणे’ म्हटलं की त्या लगेच विचारतात, “पाहणे म्हणजे काय वं? जाशीन कुठं?”

आजही विचारलं. बोंडं झाली, पतंग मोजले, बचत निघाली. पास राहिला.

“कामून राहिला?”

“शाळेची सही पाहिजे बाई, सर सुट्टीवर होते.”

“मंग सहीचंच लिही ना आधी.”

तेच लिहिलं: शुक्रवारी शाळेत जाऊन सही. काम न झाल्याचं कारण उजव्या पानावर शब्दांत उतरलं की पुढचं काम त्यातूनच निघतं. नुसती फुली मारली तर काहीच कळत नाही, म्हणून आमच्या वहीत फुली नाही.

पुढच्या आठवड्यात महालक्ष्म्या बसतात. पुरण, आंबील, सोळा भाज्या, पाहुणे. त्या दिवसांत जास्त कामं लिहिणं म्हणजे वहीला आणि स्वतःला फसवणं, म्हणून सहीशिवाय एकच ओळ लिहिली: बोंडं. सणातही ती सोडायची नाही, कारण बोंडं भरायचे हेच दिवस आहेत. जाऊबाई म्हणाल्या, रविवारी त्याही येतील. 10 त्या फोडतील, 10 मी, आणि आठ वाजायच्या आत दोघी घरी, कारण त्या दिवशी पुरण आमच्याकडेच शिजणार आहे.