सीडी चेंजर बदलण्यापूर्वी

गाडीच्या डिकीतील सहा तबकड्यांचा सीडी चेंजर (तबकड्या आपोआप बदलून वाजवणारे यंत्र) ‘डिस्क नाही’ असा संदेश देऊ लागला, तेव्हा मी आधी फ्यूज आणि जोडतारेच्या दोन्ही टोकांचे कनेक्टर तपासले, कारण दमटपणामुळे पिनांवर गंज चढला तरी चेंजर असाच अडून बसतो. तबकड्या ठेवण्याचा कप्पा, म्हणजे मॅगझिन, सुरळीत सरकत होते, त्याच तबकड्या घरच्या प्लेअरवर वाजत होत्या आणि लेन्स पुसूनही फरक पडला नाही. तेव्हा तबकडी वाचणारा लेसर क्षीण झाल्याचा निष्कर्ष मला योग्य वाटला. बदली यंत्र घेताना केवळ प्लग जुळणे पुरेसे नसते, मुख्य स्टिरिओशी होणारी संकेतांची देवाणघेवाणही जुळावी लागते. वाहतुकीसाठी लावलेले स्क्रू बसवण्यापूर्वी आवर्जून काढावेत आणि यंत्र आडवे राहणार की उभे, त्यानुसार बाजूच्या स्प्रिंगची जागा बदलावी. अन्यथा नवे यंत्रही खड्ड्यांवर अडखळते.