चिडलाय की रडतोय?

"बाबा, हा माणूस चिडलाय की रडतोय?"

भांडी घासताना स्कॉटिश लोकगायक डिक गॉखन लावला होता. लेकीला इंग्रजी येतं, पण त्याचे स्कॉटिश उच्चार तिला कळेनात. नुसत्या आवाजावरून तिने विचारलं आणि माझा हात थांबला.

गाणं होतं १६४९ साली इंग्लंडात सामाईक पडीक जमीन कसायला घेतलेल्या आणि तिथून हुसकावल्या गेलेल्या गरिबांचं. एडिनबरोजवळच्या लीथ बंदरवस्तीत वाढलेल्या गॉखनने ते १९८१ च्या 'हँडफुल ऑफ अर्थ' या अल्बममध्ये गायलंय. पुढे ब्रिटनमधल्या १९८४-८५ च्या संपात तो खाणकामगारांसाठी गात राहिला. २०१६ मध्ये पक्षाघाताने त्याच्या मैफली थांबल्या. फार वाईट वाटतं.

"दोन्ही," मी म्हणालो.

"मग परत लाव."

राग आणि रडू एकाच गळ्यातून येणारं तुमचं गाणं कोणतं?