गावच्या यादीतले नाव

निवडणूक कोणतीही असो, मतदानाच्या दिवशी आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ ओळखपत्र हातात घेऊन "आमचे नाव कसे काय गेले?" असे विचारणारी दोन-तीन कुटुंबे हमखास भेटतात. मतदार ओळखपत्र ही फक्त ओळख पटवण्याची सोय आहे; मतदानाचा हक्क मिळतो तो मतदारयादीत नाव असल्यामुळे. यादीत नाव असेल, तर ओळखपत्र घरी विसरले तरी पासपोर्ट, वाहन परवाना किंवा आधार दाखवून मतदान करता येते. पण यादीत नाव नसेल, तर नवेकोरे ओळखपत्र दाखवूनही केंद्राध्यक्ष मतदान करू देऊ शकत नाहीत.

आमच्याकडे हा घोळ बहुतेक वेळा स्थलांतरातून सुरू होतो. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, मुंबई या पट्ट्यात राहणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांची नावे अजून गावाकडच्या यादीत आहेत आणि ती तेथून हलवायला मन तयार होत नाही. यामागे केवळ हळवेपणा आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गावच्या मतदारयादीत ज्यांचे नाव आहे त्यांचीच मिळून ग्रामसभा होते, अशी व्याख्या राज्यघटनेतच आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दहा-वीस मतांनी निकाल फिरतो आणि त्यासाठी शहरातल्या भावबंदांना आणायला गाड्या धाडल्या जातात. ज्याने आयुष्याची पहिली पंचवीस वर्षे त्या गावात काढली, त्याला तेथील सरपंच कोण व्हावा याविषयी मत असणारच. मात्र नाव काढले तर जमिनीवरचा हक्क जाईल ही जी भीती अनेकांच्या मनात असते, तिला काहीही आधार नाही. सातबारा आणि मतदारयादी यांचा एकमेकींशी संबंध नाही.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० प्रमाणे एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांच्या यादीत असू शकत नाही, आणि एकाच मतदारसंघात दोनदाही असू शकत नाही. नाव कोठे असावे, हे ती व्यक्ती सर्वसाधारणपणे कोठे राहते यावरून ठरते. एखाद्या ठिकाणी स्वतःचे घर आहे एवढ्याच कारणाने कोणी तेथील रहिवासी ठरत नाही, आणि काही काळ बाहेरगावी गेल्याने रहिवास संपतही नाही. म्हणून लातूरहून पुण्याला वसतिगृहात शिकायला आलेल्या मुलीला आपले नाव आईवडिलांच्या घरी ठेवायचे की वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवायचे, याची मुभा आहे. पण वीस वर्षे चिंचवडमध्ये संसार करून वर्षातून गणपती आणि यात्रा एवढ्यापुरते गावी जाणाऱ्या गृहस्थांना तोच युक्तिवाद करता येणार नाही. माझ्या मते ज्या रस्त्यावरचे खड्डे आपण रोज चुकवतो, ज्या महापालिकेचे पाणी पितो, तेथेच आपले मत असावे. गावासाठी करण्यासारखे मतदानापलीकडेही पुष्कळ असते.

पुष्कळ दुबार नावांच्या मागे लबाडी नसून चुकीचा अर्ज असतो. शहरात आल्यावर एखादा कार्यकर्ता दारावर येतो, नमुना ६ भरून घेतो आणि नवे नाव लागते. गावचे जुने नाव तसेच राहते. २०२२ पासून नमुना ६ हा केवळ प्रथमच नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे, आणि आपले नाव अन्य कोठेही नाही असे प्रतिज्ञापन त्यात असते. ते जाणूनबुजून खोटे केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पत्ता बदलला, नावात चूक असली, छायाचित्र बदलायचे असले किंवा ओळखपत्र हरवले, तर नमुना ८ भरायचा असतो. त्यात ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो आणि जुन्या ठिकाणची नोंद नव्या ठिकाणी जाते. महाराष्ट्रातील २०२५ च्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन ताऱ्यांची खूण केली होती. नावापुढे असे तारे दिसल्यावर झालेला संताप पुष्कळांनी कार्यकर्त्यांवर काढला. आपण सही कशावर केली होती, हे मात्र फारच थोड्यांना आठवत होते.

यादी जुनीच राहिली की एक दिवस ती झाडून स्वच्छ करावी लागते, आणि त्या झाडण्यात खरी नावेही जाण्याचा धोका असतो. बिहारमध्ये २०२५ साली झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणात १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली, आणि ती कोणाची व कोणत्या कारणाने वगळली हे जाहीर करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या टप्प्यात गोव्याचाही समावेश होता. अशा पुनरीक्षणात मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातला बीएलओ, यादीतल्या पत्त्यावर येतो. तेथे आपण राहत नसू, तर "स्थलांतरित" असा शेरा पडला यात त्याचा दोष तो काय? त्यापैकी बहुतेक शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात आणि आपले रोजचे काम सांभाळून उन्हातान्हात दारोदार फिरत असतात.

नाव शोधताना ओळखपत्राच्या दहा अक्षरांकांच्या क्रमांकाने शोधावे, कारण देवनागरी लिप्यंतरात आडनावांची अशी काही दैना झालेली असते की नावाने शोधून ते सापडेलच असे नाही. घरातील व्यक्ती वारली असेल, तर नमुना ७ भरून नाव कमी करून घ्यावे. हे काम दुःखात राहून जाते आणि वर्षानुवर्षे राहूनच जाते. परदेशात असलेल्या भारतीय नागरिकांसाठी नमुना ६क आहे, मात्र त्यांना मूळ पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष केंद्रावरच यावे लागते. पदवीधर मतदारसंघाची यादी तर प्रत्येक निवडणुकीच्या वेळी नव्याने तयार होते, त्यामुळे मागच्या वेळी नाव होते म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही.

हे सारे केव्हा करावे, याचे उत्तर निवडणुकीची चर्चा नसताना, हेच आहे. वय मोजण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. याउलट उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची तारीख उलटल्यानंतर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालताही येत नाही आणि बदलताही येत नाही. स्थानिक निवडणुकांसाठी तर राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी एका ठरावीक दिवशी आहे तशी उचलून तिची प्रभागांनुसार विभागणी करतो. २०२५ मध्ये तो दिवस १ जुलै हा होता, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास जागे होऊन ज्यांनी नमुना ८ भरले, त्यांना त्या निवडणुकीपुरते जुन्या पत्त्यावरच राहावे लागले.