पुराव्याला काय जोडू?

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यात. जातीच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत गावातला प्रत्येक कागद माझ्या मशीनवरून जातो, त्यामुळे फाइल कशी लावायची हे आपल्याला कळतं असा माझा समज होता.

जिल्हा क्रीडा कार्यालयाची जिल्हा युवा पुरस्काराची जाहिरात पेपरात आली. एक युवक, एक युवती, एक नोंदणीकृत संस्था. व्यक्तीला १० हजार रुपये, गौरवपत्र, सन्मानचिन्ह. तिचं नाव द्यावं म्हणून कात्रण घेऊन शेजारच्या पोरीकडं गेलो. वाचून म्हणाली, "दादा, आता ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्यात. नंतर बघू."

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडं मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या लागतात. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी टोळीत मोजणी. लेकरं बरोबर गेली की शाळा बुडालीच. शाळेत हंगामी वसतिगृह असतं, दोन्ही वेळचं जेवण तिथं आणि झोपायला आजी-आजोबांकडं. पण पोर मागं ठेवायला आईचा जीव होत नाही. ही शेजारची पोरगी तीन वर्षांपासून गाड्या लागायच्या आधी, पोरं मागं ठेवा म्हणून, घरोघर जाऊन बसते. "आजीला रात्री दिसतं का? नसंल तर मी येत जाईन झोपायला," असलं काहीतरी बोलते, आणि खरंच जाते.

शेवटी मीच अर्ज भरायला घेतला. जन्मतारखेचा पुरावा, जिल्ह्यात पाच वर्षं राहत असल्याचा दाखला, एवढं सोपं होतं. चारित्र्य पडताळणीसाठी पोलीस ठाण्यात दोन चकरा झाल्या. तिथल्या जमादारानं विचारलं, "पासपोर्ट काढताय का?" पुरस्कारासाठी म्हटल्यावर तो तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला. अटींत पुरस्कार मरणोत्तर मिळणार नाही असंही होतं. ते वाचून ती पहिल्यांदा हसली.

मग आला पुराव्याचा रकाना. वृत्तपत्र कात्रणं, फोटो, प्रशस्तिपत्रं. आमच्याकडं एकही नाही. पोरगं गाडीत चढलं नाही, याचा फोटो कसा काढणार? एक वार्ताहर म्हणाला, बातमी लावतो, दिवाळीला जाहिरात तेवढी द्या. तिनं हात जोडले.

तिच्याकडं होती फक्त एक दोनशे पानी वही. मुलाचं नाव, आई-बाप कुठल्या कारखान्यावर, कुणाकडं राहतो, मुकादमाचा फोन. शेवटच्या रकान्याला नावच नव्हतं. त्यात लिहिलेलं: "रात्री उठून बसतो." "चप्पल नाही." "रविवारी दुपारी फोन लावून देणे." मी वही काचेवर ठेवली तर तिनं हात धरला. लेकरांची नावं जाऊ द्यायची नाहीत म्हणाली. मग कागदाची पट्टी कापून प्रत्येक पानावर नावांवर धरली आणि झेरॉक्स काढल्या. छत्तीस पानं. पट्टी सरकली की पान पुन्हा.

फाइल जमा करायला बीडला गेलो. टेबलावर आधीच्या फायली होत्या, रंगीत मुखपृष्ठाच्या, स्पायरल केलेल्या, एक तर उशीएवढी जाड. साहेबांनी आमची चाळली. "नावंच नाहीत, मग पुरावा कसला?"

चिडलो, पण त्यांचंही चूक नव्हतं. परत येऊन मुख्याध्यापकांकडं गेलो. त्यांनी जुने हजेरीपट काढले. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात वर्गावर्गात नावांपुढं लाल शेऱ्याची रांग होती: "स्थलांतरित". मागच्या डिसेंबरात असे शेरे चारच. सरांनी सहीशिक्क्याचं पत्र दिलं, त्यात नावं न घालता नुसते आकडे. तेच पत्र सगळ्यात वर लावलं आणि शेवटच्या दिवशी साडेचारला फाइल दिली. पोच घेतली. पोच घ्यायला विसरू नका, कुणीही असा.

पुरस्कार तिला मिळाला नाही. ज्या मुलीला मिळाला तिचं कामही दांडगं आहे, नावं ठेवायला जागा नाही. मला मात्र आठवडाभर वाईट वाटत होतं. तिला सांगितलं तेव्हा ती शाळेच्या ओट्यावर दोन पोरांची भांडणं सोडवत होती. "बरं," म्हणाली.

आमच्याकडची प्रत माझ्या दुकानात फळीवर आहे. पुढच्या जाहिरातीला यंदाचा हजेरीपट जोडीन. वही मात्र ती दुसऱ्याच दिवशी घेऊन गेली होती. मागची पानं कोरी होती, तिला नवी नावं लिहायची होती.